एकाच पिशवीत दोघं

आज २४वा आठवडा लागला. सोनोग्राफीला डॉक्टर मॅडम बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, नुसता प्रोब फिरत होता. मी ह्यांचा हात घट्ट धरून पडून होते.

आमची बाळं एकसारखी जुळी आहेत, पण दोघांत वार एकच आणि पाण्याची पिशवीही एकच. मध्ये पडदाच नाही. एकसारख्या जुळ्यांतही अशी शंभरात एखादीच. भीती असते ती नाळांची, त्या एकमेकींत गुंततात.

गुंतल्या आहेतच. मॅडमनी डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर दाखवलं, लाल-निळ्या दोऱ्यांचा गुंता. पोटात गोळाच आला. मग त्यांनी आवाज लावला. आधी एकाचे ठोके, मग दुसऱ्याचे, धावत्या घोड्यासारखे. "रक्त नीट वाहतंय दोघांनाही," म्हणाल्या, तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. एकाची मूठ दुसऱ्याच्या गालाला टेकलेली होती. ते चित्र डोळ्यांसमोरून हलतच नाहीये.

आता लवकरच ॲडमिट व्हायचं. दिवसातून दोन-तीनदा ठोक्यांचा आलेख, बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं, आणि सगळं नीट राहिलं तर ३२ ते ३४ आठवड्यांत सिझेरियन.

एक विनंती. "काही होत नाही गं" असं कुणी म्हणू नका. होऊ शकतं, हे आम्हाला माहीत आहे. त्यापेक्षा नुसतं शेजारी येऊन बसा.

सासूबाई आल्यापासून काही बोलल्या नाहीत. जुन्या सुती लुगड्याची दुपटी शिवतायत. दोन झाली, तिसरं मशीनवर आहे.