तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याच्या कामात ऐकायचं कुणाचं?

शेतीच्या पाण्यावर काम करते म्हटलं की नाशिकमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, ऐकायचं कुणाचं? शास्त्रज्ञांचं की गावातल्या जुन्याजाणत्यांचं?" परवा कॉलेजच्या मुलांनीही हेच विचारलं. मी म्हटलं, आधी ओझरला जाऊन या.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात आणि ओझर त्याच्या कालव्याच्या शेपटाला. हेडचे, म्हणजे कालव्याच्या तोंडाजवळचे शेतकरी मनसोक्त भिजवायचे, टेलचे, म्हणजे शेपटाचे, आवर्तनाची (कालव्याला पाणी सुटायच्या पाळीची) वाट बघत बसायचे. धरणात पाणी किती ते पाटबंधारे खात्याला ठाऊक होतं, ते टेलला येत नाही हे शेतकऱ्यांना ठाऊक होतं. माहिती कमी पडत नव्हती, तरी वर्षानुवर्षं शेतं कोरडीच. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी लोकांना एकत्र बसवलं आणि १९९१ च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी पीक बघून नाही, मोजून घ्यायचं ठरलं.

मोजायचं कसं, हे इंजिनिअरचं ज्ञान. चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या, तोंडाशी मोजपट्टी असते. पाण्याची उंची वाचायची, कोष्टकात बघायचं, प्रवाह कळतो. पण चारी कुठे पाझरते, खेकड्यांनी भराव कुठे पोखरलाय, ते पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यालाच माहीत. हिशेब जुळला नाही की एकजण कोष्टक उघडतो, दुसरा काठाकाठाने चालत जाऊन बिळात मुठीने चिखल दाबतो. दोघांपैकी एकाला वगळा, शेवटच्या शेताला पाणी मिळायचं नाही.

मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिसरंच ज्ञान: टंचाईत तोटा वाटून कसा घ्यायचा. आपल्या बागलाणात ते फार जुनं आहे. मोसम, आरम या नद्यांवर बंधारे, त्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, एका फडात एकच पीक. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की एखादा फड भिजवायचाच नाही. मग कोरडं सगळ्यांचंच थोडं थोडं राहतं, कुणा एकाचं पूर्ण जळत नाही. पाण्याच्या वाटपाचा इतका न्यायी विचार मला दुसरीकडे क्वचित दिसला.

तरी जुनं ते सोनं एवढ्यावर भागत नाही. वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि फड कित्येक ठिकाणी मोडले. उपशाचं गणित त्या नियमांत नव्हतंच. ओझरकरांनी ते मांडलं. बाणगंगा नदीवरचे बंधारे कालव्याच्या पाण्याने भरून घेतले, काळ्या पाषाणाच्या भेगांमधून विहिरींना पाझर मिळाला, आणि विहिरीचं पाणीही हिशेबात धरलं. इथे भूजलाची जाण लागली, आणि "माझी विहीर, माझं पाणी" म्हणणाऱ्याला समजावणारा माणूसही लागला.

शेतकऱ्यांनी सिंचन चालवण्याचा कायदा राज्यात आला २००५ साली. ओझर त्याच्या कितीतरी आधीचं.

म्हणून मुलांना एवढंच सांगितलं: रब्बीच्या आवर्तनात जा. शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्याला विचारा, पाळी कोण ठरवतं आणि ती ठरताना तो तिथे होता का. किती क्युसेक सुटलं, ते नंतर विचारा.