मागचे ब्लेड, कच्ची खडी आणि बदललेला बेत

ड्राइव्हवेवरचा बर्फ सारण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे सहा फुटी ब्लेड घ्यायचे, आणि तेही हायड्रॉलिक सिलिंडरऐवजी हाताने कोन बदलण्याच्या रचनेसह, हे गेल्या नोंदीत जवळपास ठरले होते. त्यानंतर हंगामातला पहिला बर्फ पडला, मित्राचे पाच फुटी ब्लेड काही दिवस वापरायला मिळाले आणि कागदावर सरळसोट वाटणारी निवड माझ्या ड्राइव्हवेच्या खडीवर येऊन अडली. ज्यांचा ड्राइव्हवे डांबरी किंवा काँक्रीटचा आहे, त्यांनी पुढचे बरेचसे वाचले नाही तरी त्यांचे काही बिघडणार नाही.

रुंदीचा प्रश्न मात्र निकालात निघाला. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी, घसरू नये म्हणून टायरवर चेन चढवल्यावर, 54 इंच भरते. पाच फुटी ब्लेड 30 अंशांवर तिरपे केले की त्याची प्रत्यक्ष झाडण्याची रुंदी 52 इंचांवर येते, म्हणजे दोन्ही चाकांच्या कडेला इंचभर पट्टी राहते आणि ती पुढच्या फेरीत दबून टणक होते. सहा फुटी ब्लेड त्याच कोनात 62 इंच झाडते. 40 अंशांवरही 55 इंच उरतात. 45 अंशांवर ते 51 इंचांच्याही खाली जाते, त्यामुळे कोन पक्का करणारी पिन त्या भोकात घालण्याचा मोह टाळायचा. पाच फुटी ब्लेडवर मी फुली मारली आहे.

आता खडी. जमीन गोठण्याआधी पडणारा बर्फ हा या छंदातला सगळ्यांत छळवादी प्रकार आहे. थ्री-पॉइंट लिफ्टला, म्हणजे खालचे दोन बाहू आणि वरचा एक दांडा यांनी अवजार मागे धरणाऱ्या उचलयंत्रणेला, खाली दाबण्याची ताकद नसते, ब्लेड स्वतःच्या वजनाने खाली बसते, त्यामुळे ते खडीवर अलगद तरंगेल अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात खडी मऊ असताना तेवढे वजनही पुरते. ब्लेडची खालची खरवडणारी कड एखाद्या उंचवट्यात शिरली की मागोमाग सगळा थर निघतो, आणि तिरप्या ब्लेडच्या टोकाकडून बर्फाच्या लांबट ढिगाऐवजी करडी-पांढरी मिसळ हिरवळीवर जाऊन पडते. वसंतात ती दाताळ्याने वेचत बसावी लागते, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. उलट, याच हलक्या ब्लेडला चाकांखाली दबलेला बर्फ मात्र खरवडता येत नाही. तिथे ते वरून सरकत जाते. मागच्या ब्लेडचे मूळ दुखणे हेच आहे, कारण चाके आधी बर्फ तुडवतात आणि ब्लेड नंतर येते.

पहिला उपाय स्किड शूंचा, म्हणजे ब्लेडला जमिनीपासून वर धरून घसरत जाणाऱ्या टेकूंचा. कड खडीपासून इंचभर वर राहील असे ते लावले. सपाट भागात उपयोग झाला, पण ड्राइव्हवेच्या मधला उंचवटा दोन शूंच्या बरोबर मध्ये येतो आणि कड तिथे टेकतेच. शिवाय मऊ खडीत शूच रुततात आणि दोन समांतर चर पाडतात. विक्रेते ज्या बशीएवढ्या चकत्या शू म्हणून देतात, त्यांच्यापेक्षा लांब, पुढून वर वळवलेली पट्टी कितीतरी बरी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दुसरा उपाय तुमच्यापैकी अनेकांनी सुचवलेला: जाड लोखंडी पाइप लांबीच्या बाजूने एका रेषेत चिरायचा आणि कडेवर चढवायचा. कड अर्धा इंच जाड असल्याने चीर त्याहून जराशी मोठी ठेवली. दोन इंची पाइप कडेवर हातोड्याच्या ठोक्यांनी सरकत गेला, तेव्हा चिरेच्या काठावरची धार घासून काढण्यात गेलेला वेळ सार्थकी लागला. आणि काय सांगावे, खडी जागची हलली नाही! पाइपची गोलाई उंचवट्यांवरून चढते-उतरते आणि मागे बर्फाचा बोटभर थर सोडते. हा थर मी मुद्दाम राहू दिला. तो दबून खडीसकट गोठला की तयार होणाऱ्या पक्क्या तळावर उरलेला हिवाळा निभावतो. मात्र त्यानंतर पाइप अडचणीचा ठरतो, कारण गोठलेल्या थरावर त्याची गोलाई नुसती घसरते. तिथे उघडी कडच हवी. म्हणजे पाइप काढता-घालता आला पाहिजे. तो वेल्ड केला तर कडेसकटच काढावा लागेल, आणि कडेच्या बोल्टांवर गंज चढल्यावर थंडीत ते काम कोण करणार? म्हणून वेल्डिंगचा विचार सोडला. दोन्ही टोकांना आरपार भोक पाडून क्लिपच्या पिना घालणार आहे.

इतके ठरल्यावर ब्लेड 180 अंशांत फिरवून पुढे ओढून पाहिले, म्हणजे ब्लेडच्या वक्र पत्र्याची फुगीर पाठ पुढे आणि पोकळ बाजू मागे. पालथ्या हाताने सारावे तसे ते खडीवरून जाते, कड खणतच नाही. पाइपची कटकट संपली असे क्षणभर वाटले. बर्फ चार बोटे असेपर्यंत हे झकास चालले; त्याहून खोल बर्फात पाठीला गुंडाळणारा बाक नसल्याने बर्फ कडेला न जाता वरून सांडू लागला, आणि मागच्या आधारपट्ट्यांमध्ये ओला बर्फ ठासून बसला. त्यामुळे पातळ बर्फासाठी ब्लेड उलटे, खोल बर्फासाठी सुलटे आणि पाइपसह, असा सध्याचा तह आहे. उलट्या ब्लेडचा आणखी एक फायदा म्हणजे गाडी मागे घेत बर्फ ढकलता येतो. सार्वजनिक रस्त्यावरचे यंत्र प्रवेशाच्या तोंडाशी जो ढीग लावून जाते, तो असाच हळूहळू सारला. वेगात मात्र हे करू नये. गाडलेल्या दगडावर ब्लेड आपटले तर सगळा धक्का लिफ्टच्या बाहूंवर येतो.

इथपर्यंत लिहिले आणि ब्लेडचा कोन हायड्रॉलिक सिलिंडरने बदलण्याच्या पर्यायाकडे परत वळलो. माझ्याकडे मागे एकच हायड्रॉलिक जोड आहे. तो कोन बदलणाऱ्या सिलिंडरला द्यायचा, तर अनेक रचनांत ब्लेड पूर्ण उलटे करण्यासाठी तो सिलिंडर सोडवावा लागतो, म्हणजे वर सांगितलेला तह मोडला. मग तोच जोड टॉप लिंकला, म्हणजे लिफ्टच्या वरच्या दांड्याला, का देऊ नये? टॉप लिंक आखडली की मास्टचा, म्हणजे ब्लेडच्या उभ्या जोडचौकटीचा, माथा ट्रॅक्टरकडे ओढला जातो, ब्लेड पुढे कलते आणि कड मागे फरफटत येते. लांबवली की कड पुढे होऊन जमिनीत शिरू पाहते. हाताने दांडा फिरवून हा फरक खडीवर लगेच दिसला. बसल्या जागी लिव्हरने तो करता आला, तर मऊ जागी कड मागे रेलवता येईल आणि दबलेल्या पट्टीवर पुन्हा पुढे काढता येईल. कोन तसाही एका फेरीत फारसा बदलावा लागत नाही. त्यासाठी खाली उतरून पिन काढणे मला मान्य आहे. तेव्हा बेत बदलला: हाताच्या कोनाचे सहा फुटी ब्लेड आणि हायड्रॉलिक टॉप लिंक.

पुढचे ब्लेड घ्या म्हणणाऱ्यांचे मुद्दे मी विसरलेलो नाही. चाकांआधी बर्फ उचलला जातो आणि मान मागे वळवून अवघडत नाही, हे खरेच. पण लोडरच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बादली उचलणाऱ्या जोडणीच्या, बाहूंवर तिरपे ब्लेड लावले की टोकावर येणारा आडवा मार बाहूंना पिळतो, आणि लोडरची रचना त्यासाठी नसते. थेट ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेल्या चौकटीवरचे, अडथळा आला की स्प्रिंगने मुडपणारे ब्लेड असेल तर गोष्ट वेगळी. मग मात्र लोडर काढून ठेवावा लागतो. मला ढीग उचलून मागे रचायला लोडर हवाच. पहिल्या बर्फातच ढीग लांबवर नेले नाहीत, तर ते गोठून मार्ग हिवाळाभर अरुंद करत जातात. बर्फ उडवून दूर फेकणाऱ्या स्नोब्लोअरचा विचार खडीवरून उडणाऱ्या दगडांमुळे आधीच बाद झाला आहे.

उरला प्रश्न पुरवठादाराचा. एकाच्या माहितीपत्रकात ब्लेडची रुंदी, रंग आणि 'हेवी ड्युटी' हे बिरुद आहे, पण वजन आणि पत्र्याची जाडी कुठेच नाही. वजनावरच सगळे अवलंबून असताना हे न सांगणे मला संशयास्पद वाटते. दुसऱ्याने दोन्ही आकडे विचारताच कळवले, कॅटेगरी 1 या जोडणीच्या मापवर्गाच्या पिनांचे माप 22 मिलिमीटर खालच्या बाहूंना आणि 19 टॉप लिंकला असल्याचेही सांगितले, आणि कोनाची पिन उभ्याने निघते की वाकून काढावी लागते हे दाखवणारा फोटो पाठवला. मागणी त्याच्याकडेच जाईल.

त्याआधी चेक चेन (लिफ्टच्या खालच्या बाहूंना बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) आवळून ब्लेडची बाजूला होणारी हेलकावणी तपासायची आहे आणि आखडलेल्या टॉप लिंकसह लिफ्ट पूर्ण वर घेतल्यावर ब्लेड टायरच्या चेनला कुठे घासते का, हे पाहायचे आहे. सिलिंडरची लांबी त्या मापावरून ठरवेन. हायड्रॉलिक टॉप लिंकमध्ये तेल अडवून धरणारा लॉक व्हॉल्व्ह नसेल तर ब्लेड उचललेले असताना ती हळूहळू सरकते असे ऐकतो, म्हणून लॉक व्हॉल्व्ह असलेलीच घेणार. ज्यांनी ती मागच्या ब्लेडला लावली आहे, त्यांनी सिलिंडरचा स्ट्रोक, म्हणजे दांडा आत-बाहेर सरकण्याचे अंतर, किती ठेवला ते कळवावे.