तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ कॉपी का नाही मारत?

टीममध्ये नवीन आलेलं कुणीही महिन्याभरात हे विचारतंच: "सर, सोर्सची (म्हणजे मूळ कोडची) सरळ कॉपी मारायची ना, हा लिंकांचा खटाटोप कशाला?"

त्याचं असं आहे. आमचं एक जुनं सी प्रोजेक्ट आहे. मेकफाइल (कोड कसा कंपाइल करायचा ते 'मेक' या प्रोग्रॅमला सांगणारी फाइल) हट्टी, जिथे सोर्स फाइल तिथेच ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) टाकणार. आम्हाला बिल्ड (कोडपासून तयार केलेला प्रोग्रॅम) लागतात दोन, एक इंटेलच्या आणि एक एआरएमच्या प्रोसेसरसाठी. एकाच फोल्डरात दोन्ही केले की इंटेलच्या ऑब्जेक्ट फाइली एआरएमच्या लिंकरपुढे (हे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमपुढे) येतात आणि तो बोंब मारतो. कॉपी मारली, तर बग एकीकडे सुधारतो, दुसरीकडे तसाच राहतो.

म्हणून एलएनडिर. एक्स विंडो सिस्टिमच्या (युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सोर्सबरोबर आलेली ही चिमुकली युटिलिटी. तिथेही हेच दुखणं, सोर्स एक आणि मशिनं तऱ्हेतऱ्हेची. ती फोल्डर खरीखुरी बनवते आणि आत प्रत्येक फाइलच्या जागी मूळ फाइलची सिम्बॉलिक लिंक, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारी नुसती खूण, ठेवते. बिल्डचा सगळा पसारा नव्या फोल्डरात पडतो, मूळ सोर्स स्वच्छ. शिवाय मेक लिंकची वेळ बघत नाही, ती जिथे नेते त्या फाइलची बघतं. त्यामुळे मूळ फाइल बदलली की दोन्हीकडे तेवढंच पुन्हा कंपाइल होतं. मात्र लिंका करण्याआधी मूळ फोल्डरात मेक क्लीन मारून जुन्या ऑब्जेक्ट फाइली पुसा, नाहीतर त्यांच्याही लिंका येतात आणि मेकला वाटतं, काम झालंय.

"मग आरएम-आरएफ कमांडने नवं फोल्डर उडवलं तर मूळ सोर्सही उडेल?" नाही हो, फक्त लिंका जातात. पहिल्यांदा मीही श्वास रोखूनच एंटर दाबलं होतं.

मला फटका बसला तो सेडमुळे, म्हणजे फाइलीतला मजकूर बदलणाऱ्या कमांडमुळे. एआरएमच्या फोल्डरात उभं राहून एका फंक्शनचं नाव 'सेड-आय'ने बदललं. सेड नवी फाइल लिहून जुनीच्या नावावर बसवतं. म्हणजे लिंक गेली, तिथे साधी फाइल आली. टेस्ट पास. खुशीत फोल्डर उडवलं आणि बदल कमिट करायला (नोंदवायला) गेलो, तर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट म्हणे बदल काहीच नाही! बदल त्या साध्या फाइलीतच होता, तो फोल्डरबरोबर गेला.

सीमेक (बिल्डची मांडणी करून देणारं साधन) वापरत असाल तर यातलं काही करू नका. त्यात वेगळं बिल्ड फोल्डर आयतं मिळतं.

आमच्याकडे मात्र लिंकाच. आता फोल्डर उडवण्याआधी फाइंड (फाइली शोधणारी कमांड) चालवून बघतो, लिंक नसलेली एखादी सोर्स फाइल आत राहिली आहे का. परवा तीन सापडल्या. तिन्ही माझ्याच.