मोडलेलं विमान आणि बाबांची दोरी

डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, पौडच्या पुढे भातकापणी झालेल्या एका खाचरात आमचं रिमोटवर उडणारं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं, मॉडेल विमान बांधावर आदळलं. पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी १२०० मिमी, ईपीओ नावाच्या चिवट फोमचं अंग, बॅटरीसकट वजन ९५० ग्रॅम. एका बाजूला लोहगावचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याची एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, त्यामुळे पुण्यात मोकळं मैदान दिसलं की उडवलं असं चालत नाही. कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा बघून, ओळखीच्यांचं शेत शोधून आम्ही तिथवर जात होतो.

विमान छान वर चढत होतं. मग त्याचं नाक आपोआप उचलायला लागलं. नाक खाली आणायला मी रिमोटची स्टिक पुढे दाबली, तरी नाक वरच. क्षणभर विमान हवेत थबकल्यासारखं झालं, डावा पंख खाली गेला आणि दीड गिरकी घेऊन ते सरळ खाली आलं. मी थ्रॉटल, म्हणजे मोटारीचा वेग, शून्यावर आणला. मुलगा धावत निघाला होता, त्याला ओरडून थांबवलं. आधी बॅटरी काढली, मग तुकडे गोळा केले. नखाएवढा तुकडासुद्धा सोडला नाही. तुटलेल्या फोमचे दाणे एकमेकांत पुन्हा अगदी तंतोतंत बसतात, आणि एक तुकडा हरवला तरी तिथे भरण करावं लागतं. भरण म्हणजे वजन.

बॅटरीचा एक कोपरा चेपला होता. व्होल्टेज ठीक दाखवत होतं, फुगलीही नव्हती, पण चेपलेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही हे मी ठरवूनच टाकलं. आतला पडदा फाटलेला असेल तर आग बहुधा चार्जिंगच्या वेळी लागते, आणि आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. ती बाल्कनीत वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवली, दोन दिवसांनी बल्ब लावून पूर्ण रिकामी केली आणि ई-कचऱ्यात दिली.

मला त्याच रात्री चिकटवायला बसायचं होतं. बाबांनी बसू दिलं नाही. बाबांची सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. त्यांनी तुकडे वर्तमानपत्रावर मांडले, चष्मा बदलला आणि विचारलं, "पडलं कशानं?"

"वाऱ्यानं," मी म्हणाले.

"वारा होता?"

नव्हता. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, त्यात मागच्या बाभळीचं पानही हलत नव्हतं. तो व्हिडिओ आम्ही वीसेक वेळा पाहिला. नाक उचलायला लागलं तेव्हा इलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटावरची हलती पट्टी, खाली वळलेला स्पष्ट दिसत होता. म्हणजे माझा हुकूम विमानापर्यंत पोचला होता.

उत्तर बॅटरीच्या कप्प्यात सापडलं. बॅटरी धरून ठेवणारी वेल्क्रोची पट्टी तळाच्या फोमपासून सुटून बॅटरीलाच चिकटून आली होती. आपटल्यावर ती सुटणारच, असं मला वाटलं. बाबांनी ती पट्टी खिडकीपाशी नेऊन उलटी केली. तिच्या गोंदाच्या बाजूवर बारीक राखाडी धूळ आणि लोकरीचे तंतू बसले होते. पट्टी त्या दिवशी सुटलेली असती तर गोंद स्वच्छ असता. ती कधीचीच सुटली होती, बहुधा उन्हात उभ्या गाडीत गोंद मऊ होऊन, आणि आम्ही बॅटरी सुट्या पट्टीवर नुसती ठेवत होतो.

मग बाबांनी वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. बॅटरी १८५ ग्रॅम. कप्पा मागे रिकामा, विमान चढताना ती १०० मिमी मागे घसरली असणार. १८५ गुणिले १०० भागिले ९५०, म्हणजे विमानाचा तोल साडेएकोणीस मिमी मागे. माहितीपत्रकाप्रमाणे सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिमीवर हवा. २०० मिमी रुंदीच्या पंखावर तो ३० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास गेला होता. एवढा मागे तोल गेलेलं विमान नाक वर करतं आणि इलेव्हेटरला ऐकेनासं होतं. हे कळलं नसतं तर मी सगळं सुबक चिकटवून ते पुन्हा त्याच बांधावर आपटवलं असतं.

दुरुस्तीला सुरुवात नाकापासून केली. नाक अर्धा इंच आत दबलं होतं. त्यातली मोटार, तिचा वेग सांभाळणारा ईएससी आणि रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर काढून घेतले. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद केला, अर्धा मिनिट थांबले आणि सिंकमध्ये नाक धरून डावाने दबलेल्या भागावर पाणी घालत गेले. ईपीओचे दाणे साबुदाण्यासारखे दिसतात, आणि चेपलेले दाणे त्या पाण्याने भिजवलेल्या साबुदाण्यासारखेच फुगून वर येतात. आतली कोंडलेली हवा गरम होऊन त्यांना आतून ढकलते. सुरकुत्या डोळ्यांदेखत उलगडत होत्या. आमच्या घरात एरवी कोणी कोणाचं पटकन कौतुक करत नाही, पण मुलगा आणि बाबा दोघेही एकदमच "अरे वा!" म्हणाले. एका जागी मी जास्त वेळ पाणी घातलं आणि तिथे दाणे फोडासारखे उठले. वाळल्यावर ते ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासले. दोन-तीनदा थोडं थोडं पाणी घालून मध्ये थांबणं बरं.

डावा पंख आतली आधाराची कार्बनची नळी संपते तिथेच, तिच्या टोकापलीकडे मोडला होता. पंखाचं पोट सपाट, म्हणून जुन्या टीपॉयची काच जेवणाच्या टेबलावर ठेवली, त्यावर बटर पेपर आणि त्यावर पंख. तुटलेल्या कडा घासायच्या नाहीत, ब्रशही फिरवायचा नाही, नाहीतर बसणारे दाणेच निघून जातात. आधी कोरडं जुळवून पाहिलं, मग फोमला चालणारा सीए (इन्स्टंट) ग्लू. (थर्माकोलच्या विमानाला साधा इन्स्टंट ग्लू कधीच लावू नका, तो थर्माकोल खातो.) वाळल्यावर पंख उलटा करून ब्लेडने ३०० मिमी लांबीची चीर पाडली आणि तिच्यात ३ मिमीचा कार्बनचा दांडा एपॉक्सीत (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदात) बसवला, मोडीच्या दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा.

सगळ्यात जास्त वेळ धडाने घेतला. ते पंखाच्या मागे तुटलं होतं, म्हणजे तिथे जो वाकडेपणा राहील तो शेपटापर्यंत वाढत जाणार. मी पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी काढलं होतं. बाबा म्हणाले, "पाच मिनिटांत तू मोजणार कधी?" मग तीस मिनिटांचं घेतलं. आत सांध्यातून पनीर टिक्क्याच्या दोन बांबूच्या काड्या आरपार घातल्या, पंख स्क्रूने बसवला, आणि शेपटाच्या मध्यावर टाचणी रोवून बाबांनी तिला दोरी बांधली. बेकरीच्या पुडक्यांना असते तसली साधी सुती दोरी. ती टाचणीपासून पंखाच्या एका टोकाला ताणायची, बोटाने खूण धरायची, मग दुसऱ्या टोकाला. डावीकडे ८२४, उजवीकडे ८१८. शेपूट उजवीकडे गेलं होतं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मी तर सरळ आहे म्हणून हात पुसायला निघाले होते. शेपूट जेमतेम चार मिमी डावीकडे सरकवल्यावर दोन्हीकडे ८२१ आलं. मग मागून, एक डोळा मिटून, शेपटाची आडवी पाती पंखाला समांतर आहे ना ते पाहिलं आणि अर्धा तास तिघांनी आळीपाळीने धड धरून ठेवलं. मुलाच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं आली. तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

मोटारीपाशी मात्र बाबांना मी थांबवलं. मोटार किंचित उजवीकडे आणि खाली झुकलेली होती. आपटून वाकली असं समजून त्यांनी गुण्या लावून ती काटकोनात आणायला घेतली. तो झुकाव मुद्दाम ठेवलेला असतो. प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) फिरण्याने विमान डावीकडे ओढतं आणि जास्त थ्रॉटलवर नाक उचलतं, त्याचा तोल तिथे साधलेला असतो. न मोडलेली फोमची बैठक दाखवली, तिच्यावर मापं घेतली, तेव्हा त्यांची खात्री पटली. "म्हणजे साच्यातच आहे," ते म्हणाले आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

इलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटारीचे, म्हणजे सर्व्होचे, दोन दात गेले होते. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजूला फिरून ९ ग्रॅमचा सर्व्हो आणला. प्रॉपला केसाएवढी चीर होती, तो फेकून नवा लावला. प्रॉप चिकटवायचा नसतो.

शेवटी वजन ९८१ ग्रॅम भरलं. ३१ ग्रॅम वाढले, त्यातले बरेच मागच्या सांध्याचे, म्हणून बॅटरी थोडी पुढे घ्यावी लागली. पंखाखाली ६० मिमीवर दोन बोटं ठेवून विमान उचललं, नाक अगदी जरासं खाली. कप्प्याचा तळ स्पिरिटने पुसून नवी वेल्क्रो एपॉक्सीने बसवली, वरून आडवा पट्टा घेतला आणि बॅटरीच्या मागे फोमचा ठोकळा चिकटवला. आता ती घसरायची म्हटली तरी जागा नाही. मग विमान उलटं करून गदागदा हलवलं.

जानेवारीत पुन्हा त्याच खाचरात गेलो. इलेव्हेटर, पंखांवरचे एलेरॉन, शेपटाच्या उभ्या पात्यावरचा रडर योग्य दिशेला वळतात का ते पाहिलं, रिमोटची रेंज तपासली. मग मोटार बंद ठेवून विमान समोर फेकलं. ते सरळ गेलं आणि पंधरा-वीस पावलांवर कापलेल्या धसकटांवर पोट टेकवून थांबलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या वेळी थ्रॉटल दिला.

सात मिनिटं उडवलं. पहिली दोन मिनिटं माझी नजर नाकावरून हलत नव्हती. रिमोटवर ट्रिमचे, म्हणजे बारीक जुळवणीचे, दोन टिचके उजवीकडे द्यावे लागले, बाकी काही नाही. शेवटची फेरी मुलाने घेतली, उतरवलं मी. विमान थांबलं तसे बाबा बांध उतरून त्याच्याकडे गेले, गुडघ्यावर बसले आणि खिशातून टाचणी आणि दोरी काढली.

डावीकडे ८२१. उजवीकडे ८२१.