एक सोडायचं कशाला?

कविता आणि विज्ञानकथा यांतलं एकच धरावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ठाण्यात लिहिणारी तरुण मंडळी भेटली की हा प्रश्न हमखास येतो : "कविताही सुचते, विज्ञानकथाही लिहावीशी वाटते. यातलं एक सोडून द्यावं का?"

अशा वेळी मला प्रेमेंद्र मित्र आठवतात. बंगालीतले थोर लेखक (१९०४–१९८८), 'कल्लोल' मासिकाच्या पिढीतले कवी. 'सागर थेके फेरा' या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिवाय कथा, गीतं, चित्रपटांचं दिग्दर्शन. सत्यजित राय यांचा 'कापुरुष' आणि मृणाल सेन यांचा 'खंडहर' त्यांच्याच कथांवरचे.

आणि याच कवीने १९४५मध्ये आपल्या विज्ञानकथांचा नायक घनादा जन्माला घातला. कोलकात्याच्या एका मेसमध्ये राहणारा, तिथल्याच शिशिरकडून सिगारेटी उसन्या घेणारा, बसल्या जागी जग फिरवून आणणारा घनादा! पहिल्याच गोष्टीत तो सांगतो, मी आयुष्यात डास मारला तो एकच, पण सखालिन बेटावर. तिथे एका शास्त्रज्ञाने डासाच्या लाळेचंच जहर करून ठेवलेलं असतं. थाप आभाळाएवढी, पण तिच्याखालचा भूगोल आणि विज्ञान पोरांना पुस्तकं उघडायला लावेल असं. मुलांसाठी लिहिताना प्रेमेंद्रांनी हात आखडता घेतला नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

तरी माझी खरी आवडती त्यांची ती गाजलेली कविता. मी लोहारांचा, कासारांचा, सुतारांचा, हमाल-मजुरांचा कवी आहे, असं ते तिच्यात ठणकावून सांगतात. वस्तू घडते कशी आणि ती घडवणारे हात कुणाचे, याची ओढ असलेल्या माणसाला भट्टी आणि प्रयोगशाळा सारख्याच जवळच्या वाटणार. मला त्यांची कविता आणि विज्ञानकथा म्हणूनच एकाच कुतूहलातून आलेल्या वाटतात.

परवा विचारणारा मुलगा वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. त्याला म्हटलं, बाबा रे, काहीही सोडू नकोस. तुझ्या शेजारच्या मशीनवरचे काका नुसत्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचं ओळखतात म्हणतोस ना? त्यांच्यावर आधी कविता लिही. मग तेच काम सेन्सर करायला लागला, की त्या काकांचं काय होईल, याची कथा लिही. दोन्ही घेऊन ये, मला वाचायची आहेत.