तुम्ही विचारलंत म्हणून: हो, बघूनच शिकतात

खानापूरच्या लग्नात, चिकोडीला मामांकडे, बसमध्ये भेटलेल्या वर्गमित्राकडून, सगळीकडे तोच प्रश्न: ‘तुझे ते कॉम्प्युटरमधले रोबोट एकमेकांचं बघून शिकतात, म्हणजे कॉपीच की! त्यात संशोधन काय करालास?’

पिढ्या, निवड वगैरे तुम्हाला सांगून झालंय: जे रोबोट जास्त गुण मिळवतात, त्यांच्यावरून थोडा बदल करत पुढची पिढी बनते. पण कुणाकडे बघायचं आणि बघितलेलं कधी सोडायचं, हे रोबोटला कुणी सांगत नाही. शिवाय ज्याच्याकडे बघायचं, तोही लपवू शकतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की अन्नाजवळ, म्हणजे गुण मिळतात त्या जागी, रोबोटच्या अंगावरच्या निळ्या दिव्यांमुळे इतरांची गर्दी होते म्हटल्यावर, पिढ्या उलटतील तसे रोबोट तिथे दिवा कमी लावू लागले. पुरता विझवला मात्र नाही.

तुमचा प्रश्न मला लागतो, त्याचं कारण वेगळं आहे. मी मराठी माध्यमातून बेळगावात इंजिनिअरिंगला गेलो. शिकवणं इंग्रजीत, शंका विचारली तर उत्तर कन्नडमध्ये. म्हणून प्रॅक्टिकलला मी शेजारच्याची बोटं बघायचो. कंस कुठे उघडतो, एरर आली की कुठल्या ओळीवर परत जातो. हळूहळू माझेही प्रोग्रॅम चालू लागले. व्हायवाला सरांनी आमची जर्नलं शेजारी शेजारी ठेवली. लूप, म्हणजे प्रोग्रॅममधला पुन्हा पुन्हा चालणारा भाग, सारखंच. त्याचं एका ठिकाणी अडकत होतं, ते मी दुरुस्त केलं होतं. सांगायला तोंड उघडलं, पण इंग्रजीत वाक्य जुळेना. सरांनी जर्नल सगळ्यांसमोर फाडलं. ‘कॉपी मास्टर’ म्हणाले. शेजारचा मान खाली घालून उभा होता. ती दुरुस्त केलेली ओळ कुणी वाचलीच नाही.

सरांचं सगळंच चूक होतं असंही नाही. मानववंशशास्त्रज्ञ ॲलन रॉजर्स यांनी 1988 मध्ये गणिताने दाखवलं की परिस्थिती बदलत असेल आणि नुसते बघून घेणारे वाढत गेले, तर त्यांची माहिती शिळी होते. गटाची सरासरी कामगिरी शेवटी स्वतः धडपडणाऱ्यांच्या वर जात नाही. माझ्या सिम्युलेशनमध्ये अन्नाची जागा हलवतो, तेव्हा हे मला डोळ्यांसमोर दिसतं.

पूर्वी मी ठासून सांगायचो, घेतलेल्यात बदल केला तर ते शिकणं, नाहीतर कॉपी. पण 2010 मध्ये निकाल प्रसिद्ध झालेल्या, शिकण्याच्या डावपेचांच्या कॉम्प्युटरवरच्या स्पर्धेत 104 प्रवेशिका होत्या आणि जिंकलेला डावपेच जवळजवळ सगळं बघूनच शिकत होता. करणारा आपल्याला जमलेल्यातलं उत्तम तेच करतो, म्हणून बघणाऱ्याला चाळलेलं मिळतं. मग ती ओळ मी दुरुस्त केली नसती, तर शिकलो नसतो का? मला वाटतं, तरीही शिकलोच असतो. हे सरांना मी आजही पटवू शकणार नाही.