फिजिशियनने संघटनेत का असावे

स्वतंत्र व्यवसाय सुरू केल्यानंतरची पहिली काही वर्षे मी फिजिशियनांच्या कोणत्याही संघटनेचा सभासद नव्हतो. वर्गणी, निवडणुका आणि सत्कार यांपलीकडे तिथे काही नसावे, असा माझा समज होता. तो एका रुग्णामुळे बदलला.

साठी ओलांडलेल्या त्या गृहस्थांच्या रक्तातील सोडियम वारंवार कमी येत होते. रक्तदाबासाठी ते थायझाइड गटातील, म्हणजे लघवीचे प्रमाण वाढवणारी आणि सोडियम कमी करू शकणारी गोळी घेत असल्यामुळे मी ती बंद केली आणि कारण सापडले असे गृहीत धरले. पण 3 आठवड्यांनंतरही सोडियम खालीच होते, थकवा वाढत होता आणि रक्तदाब आता गोळीविनाही कमी भरत होता. एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी ही केस, रुग्णाची ओळख उघड न करता, संघटनेच्या मासिक बैठकीत मांडली. तिथल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले : पोटॅशियम किती आहे आणि तळहाताच्या रेषा काळवंडल्या आहेत का? पोटॅशियम वरच्या मर्यादेच्याही थोडे पुढे होते आणि तो आकडा माझ्या हातातल्याच कागदावर होता. तळहात मात्र मी पाहिलेच नव्हते. पुढच्या तपासण्यांत अ‍ॅडिसनचा आजार, म्हणजे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी पुरेशी संप्रेरके तयार न करण्याचा विकार, निघाला, कमी पडणाऱ्या संप्रेरकाची जागा घेणारे हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाले आणि ते गृहस्थ सावरले.

एकट्याने व्यवसाय करणाऱ्या फिजिशियनला त्याची चूक दाखवणारे कोणी नसते. गुण आला नाही की रुग्ण दुसरीकडे जातो आणि आपले निदान बरोबरच होते, असे आपण समजत राहतो. ही उणीव पुस्तके भरून काढत नाहीत. समव्यावसायिकांनी विचारलेले प्रश्नच ती भरून काढतात.

मार्गदर्शक तत्त्वांचेही तसेच आहे. 2017 मध्ये अमेरिकेतील हृदयरोगविषयक संघटनांनी उच्च रक्तदाबाची व्याख्या 130/80 पर्यंत खाली आणली, तर युरोपातील संघटनांनी 2018 मध्ये 140/90 हीच मर्यादा कायम ठेवली. समोरच्या रुग्णाला यांपैकी कोणता निकष लावायचा, याचा निर्णय दोन्ही बाजू जाणणाऱ्या सहकाऱ्यांशी वाद घातल्यावर अधिक नीट घेता येतो. नियतकालिक, परिषदेच्या शुल्कातील सवलत, कायदेशीर सल्ला हे लाभही आहेत, परंतु केवळ त्यांच्यासाठी मी सभासद झालो नसतो.

जागतिक वैद्यकीय संघटनेने 1948 मध्ये स्वीकारलेल्या जिनिव्हा प्रतिज्ञेत, म्हणजे डॉक्टरांच्या व्यावसायिक शपथेत, 2017 साली ज्या वचनांची भर पडली त्यांत ही दोन होती : आपले वैद्यकीय ज्ञान इतरांना देणे आणि उत्तम सेवेसाठी स्वतःच्या आरोग्याची काळजी घेणे. दुसरे वचन मला फार महत्त्वाचे वाटते. रुग्ण दगावल्यानंतरची रात्र कशी जाते, हे घरच्यांना सांगूनही पुरेसे कळत नाही. त्याच अनुभवातून गेलेल्या सहकाऱ्याला ते अर्ध्या वाक्यात कळते.

सभासद होण्यापूर्वी मात्र दोन-तीन बैठकांना जाऊन बसावे. तिथे केवळ औषध कंपन्यांनी प्रायोजित केलेली भाषणे होतात की फसलेल्या निदानांवरही मोकळेपणाने चर्चा होते, हे पाहावे आणि नवख्या डॉक्टरने शंका विचारल्यावर ज्येष्ठ कसे उत्तर देतात, याकडे विशेष लक्ष द्यावे.